बडोदे ते सिअ‍ॅटल, चालत

एजंट टेप घेऊन आला तेव्हा मी पडवीत पापडी निवडत बसले होते. फाटक उघडून तो आत आला, चपला काढल्या, "जय श्रीकृष्ण, मासी" म्हणाला आणि मी काही विचारायच्या आत टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. मला वाटलं गॅसच्या पाइपलाइनचं काहीतरी असेल. आमच्या बडोद्याच्या निजामपुऱ्यात रोज कोणी ना कोणी काहीतरी खोदत असतं. मी बापडी टोक धरून उभी राहिले. हॉलची लांबी झाली, रुंदी झाली, स्वयंपाकघर झालं. आमच्या खोलीच्या दारात तो "जरा घट्ट पकडो ने" म्हणाला, तेव्हा कुठे मी विचारलं, "भाई, हे सगळं कशासाठी?"

"अमेरिकाथी भाईनो फोन हतो. वेचवानुं छे ने?"

विकायचं आहे ना, म्हणे. माझ्याच हातून माझं घर मोजून घेतलं मेल्याने. मी टोक सोडून दिलं. टेप सप्पकन परत गेली आणि त्याच्या बोटाला लागली. त्याला पाणी दिलं, चहाही दिला, कारण त्याची काही चूक नव्हती. जाताना सांगितलं, "भाईला सांगा, मासी अजून जिवंत छे." तो हसला. मी हसले नाही.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मुलगा सिअ‍ॅटलला असतो, अमेरिकेच्या पार पश्चिमेच्या टोकाला. एकुलता एक आहे. सून चांगली आहे, नात गोड आहे, हे आधीच सांगून टाकते. ह्यात कोणीच वाईट नाही. असतं तर भांडायला सोपं गेलं असतं.

"एजंटला तू पाठवलंस?"

"नुसतं मोजायला पाठवलं, आई. अंदाज घ्यायला."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग उत्तर तुला माहीतच होतं की."

त्याने फोन ठेवला आणि थोड्या वेळाने मोबाइलवर काहीतरी आलं. कुठल्याशा वेबसाइटचं पान होतं. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि लागणारा वेळ सांगतात, तसलं. अहमदाबाद ते सिअ‍ॅटल, बारा हजार किलोमीटरच्या आसपास, वेळ पंधरा तास. खाली त्याने लिहिलं होतं, 'तुला काही झालं तर मला यायला एवढा वेळ लागतो.'

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला. चुकीचा नकाशा दिसला की माझे हात शिवशिवतात. लगेच फोन लावला. म्हटलं, "हे पंधरा तास कुठल्या विमानाचे रे? असं विमानच नाही. ही नुसती सरळ रेषा आहे. मध्ये आखातात उतरायचं, तिथे ताटकळायचं, तुझ्या घरापासून विमानतळ, अहमदाबादला बाहेर पडायचं, मग एक्सप्रेस हायवेने बडोदे, हे कोण धरणार? दीड दिवस लागतो दीड दिवस."

"बघ," तो म्हणाला. "म्हणजे अजूनच लांब."

वकिलानेही केली नसती इतकी त्याची बाजू मी स्वतःच भक्कम करून दिली होती.

त्याचे बाबा गेले तेव्हा तो असाच वाटेत होता. आखातातल्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत बसला होता. तिथूनच त्याने मोबाइलच्या पडद्यावर बाबांना शेवटचं पाहिलं. अग्नी पुतण्याने दिला. मुलगा आला तेव्हा कोपऱ्यात दिवा तेवत होता आणि सतरंजीवर आम्ही बसलो होतो, बास. तो दिव्यासमोर बराच वेळ बूट हातात धरून उभा होता. तेव्हापासून हे तास त्याच्या डोक्यात बसले आहेत. मला कळत नाही असं नाही. कळतं, आणि म्हणूनच जास्त राग येतो.

पण घर विकून मी तिकडे जाऊन राहावं हे मला मंजूर नव्हतं. हट्ट म्हणा, खोड म्हणा. माझे आजोबा बडोदे राज्याच्या मोजणी खात्यात होते. साखळी घेऊन गावंच्या गावं मोजत फिरायचे. मी लहान असताना गुजरात वेगळा झाला. तेव्हा आम्ही जुन्या शहरातल्या घडियाळी पोळात, म्हणजे दाटीवाटीच्या गल्लीत, राहत होतो. पुण्याचे नातेवाईक काळजीने आले आणि पोहे खाता खाता म्हणाले, आता तुमचं इथे काय राहिलंय, चला तिकडे. आजोबा म्हणाले, "सरहद्द हलली आहे. घर हललेलं नाही." नि त्यांना आणखी पोहे वाढायला सांगितलं. पुण्याला गेलो की आमच्या बोलण्याला अजून हसतात. 'चालेल ने' म्हटलं की एकमेकांकडे बघतात. हसोत बापडे. आम्ही बडोद्याचे आहोत आणि बडोद्यालाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी मीच मुलाला फोन केला.

"मी येते. तीन महिने राहते. एकटी येणार, एकटी परत जाणार. जमलं, तर घराचा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं, तर एजंटच्या टेपचं टोक मी स्वतः धरीन."

"नक्की?"

"शाळेत कधी खोटं बोलले का तुझ्याशी?" तो माझ्याच शाळेत शिकला, आणि भूगोलात त्याला मीच कमी मार्क दिले होते.

तो लगेच हो म्हणाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तिकीट आलं, आणि त्यावर माझ्या नावापुढे व्हीलचेअर होती.

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे कोणाचेही आईवडील परदेशी निघाले की मुलं व्हीलचेअर लिहून टाकतात. पाय मोडलाय म्हणून नव्हे. इंग्रजी येत नाही, वाट सापडणार नाही, रांगेत उभं राहावं लागेल, म्हणून. खुर्चीत बसलं की ढकलणारा माणूस सगळीकडून बरोबर नेतो आणि मुलांना तिकडे शांत झोप लागते. नवरात्रात नऊच्या नऊ रात्री गरबा खेळणाऱ्या बाया विमानतळावर पाय ठेवला की खुर्चीत बसतात. समोरच्या बंगल्यातल्या बेन तर मला समजावायलाच आल्या. "मासी, व्हीलचेर तो लेवानी ज. लाइनमां ऊभा नहीं रहेवानुं, राणी जेवा जवानुं." राणीसारखं जायचं, म्हणे. म्हटलं, बेन, राणीला कुठे जायचं ते राणी सांगते. इथे राणीला कुठे ठेवायचं ते दुसरा ठरवतो.

मुलाला विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांचेच आईवडील घेतात गं."

"घेऊ देत. मी खुर्चीत बसून आले, तर तीन महिन्यांनी तूच म्हणशील, जिला विमानतळावर चालवत नाही ती घरात एकटी कशी राहणार."

"असू दे नावावर. नको वाटली तर बसू नकोस," एवढंच म्हणाला.

उजवा गुडघा मधूनमधून कुरकुरतो, हे त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगणारही नव्हते. रोज सकाळी कमाटी बागेत फेऱ्या मारायला लागले. हसणारे हसले. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "काय, शर्यतीत उतरताय?" म्हटलं, हो.

निघायच्या आदल्या दुपारी कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली काढला. फरसाणाच्या पुड्याचा दोरा मी जपून ठेवते, कशालाही उपयोगी पडतो. त्याचं एक टोक बडोद्यावर धरलं, दुसरं सिअ‍ॅटलवर. वर्गात हे मी दरवर्षी करून दाखवत असे. मुलांना वाटतं अमेरिका पश्चिमेला, म्हणजे दोरा युरोपवरून जाणार, अटलांटिकवरून जाणार. पण दोरा ताणला की तो तिथे राहतच नाही. घसरत घसरत वर सरकतो, सायबेरियावरून बर्फाच्या समुद्रात शिरतो आणि वरच्या खिळ्याच्या जवळून पलीकडे कॅनडात उतरतो. सिअ‍ॅटलची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते. वर्गात दरवर्षी कोणीतरी म्हणायचं, बाई, हे खोटं आहे. दोरा गुंडाळून पर्समध्ये टाकला.

अहमदाबादला काउंटरवरची मुलगी गोड होती. "आंटी, व्हीलचेअर तिकडे आहे." मी म्हटलं, नको. ती म्हणाली, बुक आहे. मी म्हटलं, बुक असेल, पण पाय माझे आहेत. तिने मान हलवली आणि पास दिला. खुर्च्यांच्या रांगेत तोवर एक बाई येऊन बसली. माझ्याच वयाची, उलट्या पदराची साडी, पायात कोरे पांढरे बूट. तिला मी आत्ताच बाहेर बघितलं होतं. दोन अवजड बॅगांची ट्रॉली ढकलत ती जवळजवळ धावत होती, आणि पोहोचवायला आलेल्या सगळ्यांना वाकून मिठ्या मारत होती. खुर्चीत बसल्याबरोबर तिने मान खाली घातली, हात मांडीवर ठेवले आणि एकदम आजारी दिसायला लागली.

आखातातल्या विमानतळावर उतरलो तर दारातच खुर्च्यांची रांग आणि नावांच्या पाट्या. माझं नावही होतं. पाटीवाल्याला म्हटलं, ही मी नव्हे. हे खोटं मी तोंड वर करून बोलले आणि पुढे निघाले. ते विमानतळ म्हणजे एक गावच आहे. सरकते जिने, सरकते रस्ते, आतल्या आत धावणारी गाडी. दोनदा चुकले. चुकले की थांबायचं, पाटी वाचायची, पुन्हा निघायचं. त्यात घाबरण्यासारखं काय आहे? बडोद्याच्या पोळांत लहानपणी हेच केलं. गुडघा बोलायला लागला होता. त्याला म्हटलं, गप्प बस, घरी गेल्यावर बघू.

माझ्या विमानाच्या दारापर्यंत जायच्या रस्त्यात एका कोपऱ्यात आठ-दहा खुर्च्या ओळीने लावून ठेवल्या होत्या, नि त्यांत आपलीच माणसं. धोतरातले काका, स्वेटर घातलेल्या मावश्या. ढकलणारा माणूस एकेकाला नेऊन परत येत असावा. शेवटच्या खुर्चीत ती पांढऱ्या बुटांची बाई होती. पदर डोळ्यांना लावलेला. बोर्डावर सिअ‍ॅटलच्या पुढे विमानात चढायला सुरुवात झाल्याचं दाखवत होतं. तिच्या हातातल्या पासवरही सिअ‍ॅटलच होतं, म्हणजे ती माझ्याच विमानाची.

मी गुजरातीत विचारलं, काय झालं?

"प्लेन जतुं रहेशे," ती म्हणाली. विमान निघून जाईल. तिकडे तिची सून बाळंत झाली होती, नातवाचं तोंड बघायला चालली होती. गाव आमच्या बडोद्याजवळच्या वाघोडियाकडचं.

"मग जा ना. दार तिथेच आहे, ते बघा."

"पेलो भाई कही गयो छे, उठशो नहीं." तो माणूस सांगून गेला आहे, उठायचं नाही.

"पाय दुखतात का?"

"ना रे. पगने शुं थयुं छे?" पायांना काय झालंय, असं मलाच विचारलं तिने.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्यावर नव्हे. चांगली धडधाकट बाई, घरी असती तर सगळ्या गल्लीला धाकात ठेवणारी, आणि इथे कोणीतरी बस म्हणालं म्हणून ती बसली होती. समोर दार दिसतंय, विमान दिसतंय, पाय शाबूत आहेत, आणि ही रडते आहे. मला त्या खुर्चीत मी दिसले. सिअ‍ॅटलच्या घरात, खिडकीपाशी, एकटीने बाहेर जाऊ नकोस हं आई, असं सांगून सगळे कामाला गेल्यावर तशीच बसलेली.

"उठा," मी म्हटलं.

"पण पेलो भाई..."

"तो आला तर मी बोलते त्याच्याशी. उठा आधी."

ती उठली. आधी इकडेतिकडे पाहिलं, चोरी केल्यासारखं, मग पदर खोचला, पिशवी खांद्याला मारली आणि चालायला लागली. अहो, चालली कसली, मला तिच्यामागे धावावं लागलं. माझ्या गुडघ्याचे हाल झाले, पण तिला थांबा म्हणायची माझी काय बिशाद. दारातल्या माणसाला मी आधी सांगितलं की ह्या बाई चालत आल्या आहेत, तिकडे त्यांची खुर्ची कोणी शोधत बसू नका. त्याने फोन करून कळवलं आणि आम्हाला आत सोडलं.

विमानात आमच्या जागा लांब होत्या. जेवण झालं, दिवे मंद झाले, लोक झोपले. मी समोरच्या पडद्यावर नकाशा लावून बसले. छोटंसं विमान वर वर चाललं होतं. इराण गेला, रशिया गेला, जमीन संपली. बडोद्याहून नाही तरी आखातातून, पण वाट तीच. मी दोरा काढून पडद्यावर ताणून धरला. बरोब्बर बसला. खिडकीची झडप जरा वर केली तर खाली पांढरं, नुसतं पांढरं, भेगा पडलेलं. वर्गात खोटं म्हणणारी सगळी पोरं मला आठवली. बाजूचा गोरा माणूस माझ्याकडे बघत होता. त्याला म्हटलं, "नॉर्थ पोल." तो म्हणाला, "ओह." त्याच्यासाठी तेवढं पुरे होतं. मी मात्र झोपले नाही. गुडघा ठणकत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा शिकवलेलं डोळ्यांनी बघत होते.

सिअ‍ॅटलला दारात पुन्हा खुर्च्या. वाघोडियाची बाई थांबली. खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पुढे चालत राहिले. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि माझ्याबरोबर चालायला लागली. रांगेत आम्ही बराच वेळ उभ्या होतो. तेवढ्यात तिने मला तिच्या तिन्ही सुनांच्या खोडी सांगून टाकल्या.

बाहेर पडायच्या दारापलीकडे लोक उभे होते. माझा मुलगा पुढेच होता. केस बरेच गेलेले, हातात माझ्यासाठी शाल, कारण तिकडे गार असतं. आतून एकेक खुर्ची बाहेर येत होती. खुर्ची आली की तो पुढे व्हायचा, वाकून चेहरा बघायचा आणि मागे सरायचा. मी ट्रॉली ढकलत त्याच्या समोरून गेले. अगदी समोरून, हात लांब केला असता तर लागला असता. त्याने पाहिलं नाही. त्याची नजर खाली होती, खुर्चीच्या उंचीवर. माझा चेहरा त्या उंचीवर नव्हता.

मी वळसा घालून त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

"कोणाला शोधतोयस?"

तो दचकून वळला. माझ्याकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं, परत माझ्याकडे.

"आई, तू दिसलीच नाहीस."

"दिसणार कशी? तू खाली बघत होतास."

त्याने शाल माझ्या खांद्यावर घातली आणि ती घालता घालता तसाच मला धरून उभा राहिला. लोक ट्रॉल्या घेऊन बाजूने जात होते. मी त्याला सोड म्हटलं नाही.

तो गाडी चालवत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच उंच काळीहिरवी झाडं. मग समोर बघतच म्हणाला, "पण मला वेळ लागतो ना गं यायला. बाबांच्या वेळी मी..."

मी पर्समधून दोरा काढला. त्याला तो ओळखू आला. शाळेत त्यानेही असाच दोरा धरला होता, आणि सिअ‍ॅटलचं टोक पार भलतीकडे टेकवलं होतं.

"अंतर तेवढंच आहे रे," मी म्हटलं. "बडोद्याकडून मोज, नाहीतर इथून मोज. आतापर्यंत तू एकटाच मोजत होतास. आज मी मोजून आले."

"दीड दिवस लागला?"

"लागला. पोचले ना?"

तो हो म्हणाला. मग सिग्नलला गाडी थांबल्यावर, माझ्याकडे न बघता, त्याने विचारलं, "त्या एजंटला काय सांगू?"

"सांग, टेपचं दुसरं टोक धरायला मासी घरी नाहीत. तीन महिन्यांनी येतील. आल्या तरी धरणार नाहीत."